शरद ऋतूतील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव : निवड कशी होते आणि तिचा अर्थ काय?

मुंबई : ऑगस्टच्या अखेरीस इटलीतील व्हेनिस येथे सुरू होणारा आणि नोव्हेंबरच्या आरंभी जपानमधील टोकियो येथे संपणारा सुमारे दहा आठवड्यांचा काळ जागतिक चित्रपटसृष्टीत शरद महोत्सवांचा हंगाम म्हणून ओळखला जातो. व्हेनिस, टेल्युराइड, टोरंटो, सान सेबास्टियन, बुसान, न्यूयॉर्क, लंडन आणि टोकियो हे या हंगामातील प्रमुख महोत्सव. वर्षातील कोणते चित्रपट जगभर चर्चिले जाणार, कोणाला परदेशी वितरक मिळणार आणि ऑस्करच्या शर्यतीत कोण उतरणार, यांपैकी बऱ्याच गोष्टी याच काळात ठरतात.

भारतीय आणि विशेषतः मराठी चित्रपटांच्या दृष्टीने या हंगामाचे महत्त्व गेल्या दशकभरात वाढले आहे. चैतन्य ताम्हाणे यांचे 'कोर्ट' व 'द डिसायपल' आणि जयंत दिगंबर सोमलकर यांचा 'स्थळ' हे चित्रपट शरद महोत्सवांमधूनच जगापुढे आले. अशा प्रत्येक वेळी 'निवड झाली' हा शब्दप्रयोग बातम्यांमध्ये येतो. मात्र निवड कोण करते, कोणत्या विभागासाठी करते आणि निवडीनंतर चित्रपटाच्या वाट्याला काय येते, याविषयी सर्वसामान्य प्रेक्षकांत बरीच संदिग्धता असते. या प्रश्नांचा आणि त्यांमागील इतिहासाचा हा आढावा.

हंगामाचे वेळापत्रक

२०२५ च्या तारखा पाहिल्या तर या हंगामाची रचना स्पष्ट होते. व्हेनिसचा ८२ वा महोत्सव २७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर या काळात झाला. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे २,६७० मीटर उंचीवर वसलेल्या टेल्युराइड या गावातील महोत्सव २९ ऑगस्ट ते १ सप्टेंबर या चार दिवसांत पार पडला. कॅनडातील टोरंटो महोत्सवाचे ते ५० वे वर्ष होते. तो ४ ते १४ सप्टेंबरदरम्यान झाला. दक्षिण कोरियातील बुसान महोत्सवाची ३० वी आवृत्ती १७ ते २६ सप्टेंबर आणि स्पेनमधील सान सेबास्टियनची ७३ वी आवृत्ती १९ ते २७ सप्टेंबर या काळात झाली. न्यूयॉर्कचा ६३ वा महोत्सव २६ सप्टेंबरला सुरू होऊन १३ ऑक्टोबरला संपला. लंडनचा ६९ वा महोत्सव ८ ते १९ ऑक्टोबर आणि टोकियोचा ३८ वा महोत्सव २७ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर असा झाला.

या तारखा एकमेकींना खेटून आहेत, काही ठिकाणी एकमेकींवर चढतात. व्हेनिस संपण्यापूर्वीच टेल्युराइड होऊन जातो आणि टोरंटो सुरू झालेला असतो. एकच चित्रपट आठवडाभराच्या अंतराने तिन्ही ठिकाणी दाखवला जाऊ शकतो. त्यामुळे कोणता चित्रपट प्रथम कोठे दाखवायचा, यावरून महोत्सवांमध्ये दरवर्षी चुरस असते.

शरद ऋतूच का?

या परंपरेचे मूळ व्हेनिसमध्ये आहे. व्हेनिस बिएनाले या कलासंस्थेने ६ ऑगस्ट १९३२ रोजी लिडो बेटावरील एक्सेल्सियर हॉटेलच्या गच्चीवर पहिला महोत्सव भरवला. रुबेन मामुलियन दिग्दर्शित 'डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड' हा तेथे दाखवला गेलेला पहिला चित्रपट. जगातील सर्वांत जुना चित्रपट महोत्सव म्हणून व्हेनिसची ओळख आहे. उन्हाळी पर्यटनाचा हंगाम लांबवणे, हाही त्यामागील एक उद्देश होता.

पुढे मुसोलिनीच्या राजवटीचा प्रभाव महोत्सवाच्या पुरस्कारांवर पडू लागला. १९३८ मध्ये सर्वोच्च सन्मान नाझी जर्मनी आणि फॅसिस्ट इटली यांच्याच चित्रपटांना मिळाल्यानंतर फ्रान्सने स्वतःचा महोत्सव सुरू करण्याचे ठरवले. तोच कान महोत्सव. दुसऱ्या महायुद्धामुळे १९३९ चा बेत फसला आणि पहिला कान महोत्सव १९४६ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरला. आज मे महिन्याशी जोडले गेलेले कान आरंभी शरद ऋतूतीलच महोत्सव होते. त्या पहिल्या वर्षी चेतन आनंद यांच्या 'नीचा नगर'ला सर्वोच्च पुरस्कारांपैकी एक मिळाला होता. नंतर कान वसंत ऋतूकडे सरकले आणि शरदाचा मान व्हेनिसकडे राहिला.

आजच्या काळात या हंगामाला बळ मिळते ते ऑस्करच्या दिनदर्शिकेमुळे. हॉलिवूडमधील महत्त्वाकांक्षी चित्रपट साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये प्रदर्शित होतात आणि नामांकने जानेवारीच्या सुमारास जाहीर होतात. त्यामुळे सप्टेंबरमध्ये समीक्षकांचे लक्ष वेधून घेणे निर्मात्यांना सोयीचे ठरते. २०१७ चा 'द शेप ऑफ वॉटर' आणि २०२० चा 'नोमॅडलँड' या दोन्ही चित्रपटांनी व्हेनिसचा सर्वोच्च 'गोल्डन लायन' पुरस्कार मिळवला आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्करही जिंकले. टोरंटोच्या प्रेक्षकांनी निवडलेल्या 'स्लमडॉग मिलेनियर', 'द किंग्ज स्पीच', 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' आणि 'ग्रीन बुक' यांनाही तोच मान मिळाला.

प्रत्येक महोत्सवाची वेगळी रीत

सर्व महोत्सव एका साच्यातले नाहीत. व्हेनिस हा परीक्षक मंडळाचा महोत्सव आहे. त्याच्या मुख्य स्पर्धेत साधारण २१ चित्रपट असतात आणि त्यांना जागतिक प्रीमियरची अट असते, म्हणजे चित्रपट त्यापूर्वी कोठेही सार्वजनिकरीत्या दाखवलेला नसावा लागतो. मुख्य स्पर्धेखेरीज नव्या प्रवाहांसाठी 'ओरिझोन्ती' हा स्वतंत्र स्पर्धा विभाग, स्पर्धेबाहेरील चित्रपट, पुनरुज्जीवित अभिजात चित्रपट असे विभाग असतात. 'क्रिटिक्स वीक' आणि 'जोर्नाते देल्यी आउतोरी' हे समांतर विभाग त्याच काळात लिडोवर होतात; मात्र त्यांची निवड स्वतंत्र संस्था करतात.

टोरंटो महोत्सव १९७६ मध्ये 'फेस्टिव्हल ऑफ फेस्टिव्हल्स' या नावाने सुरू झाला. इतर महोत्सवांतील उत्तम चित्रपट आपल्या शहरातील प्रेक्षकांना दाखवावेत, ही त्यामागील कल्पना. त्यामुळे तेथील सर्वांत महत्त्वाचा पुरस्कार आजही परीक्षक देत नाहीत. १९७८ पासून प्रेक्षकच 'पीपल्स चॉइस' पुरस्काराचा मानकरी ठरवतात. पहिल्या व दुसऱ्या चित्रपटांसाठी 'डिस्कव्हरी', रात्री उशिराच्या थरारपटांसाठी 'मिडनाइट मॅडनेस', माहितीपटांसाठी आणि प्रायोगिक चित्रपटांसाठी स्वतंत्र विभाग अशी त्याची मांडणी आहे. २०१५ मध्ये परीक्षक मंडळ असलेला 'प्लॅटफॉर्म' हा स्पर्धा विभाग सुरू झाला.

टेल्युराइडची पद्धत आगळी आहे. १९७४ मध्ये सुरू झालेला हा महोत्सव स्पर्धा घेत नाही आणि चित्रपटांची यादी आदल्या दिवसापर्यंत जाहीर करत नाही. प्रेक्षक यादी न पाहताच पास विकत घेतात. १९६३ पासून चालणारा न्यूयॉर्क महोत्सवही स्पर्धाविरहित आहे. लिंकन सेंटरमध्ये होणाऱ्या या महोत्सवाच्या मुख्य यादीत केवळ तीसेक चित्रपट असतात. त्यांपैकी अनेक आधी कान, बर्लिन किंवा व्हेनिस येथे दाखवलेले असतात. त्यामुळे ही यादी म्हणजे वर्षभरातील वेचक चित्रपटांचे संकलन मानले जाते.

सान सेबास्टियन १९५३ मध्ये सुरू झाला. 'गोल्डन शेल' हा त्याचा सर्वोच्च पुरस्कार असून स्पॅनिश भाषक जगतातील चित्रपटांचे ते महत्त्वाचे केंद्र आहे. १९५७ मध्ये सुरू झालेल्या लंडन महोत्सवातील 'सदरलँड ट्रॉफी' १९८२ मध्ये अदूर गोपालकृष्णन यांच्या 'एलिप्पत्तायम' या मल्याळम चित्रपटाला मिळाली होती. १९९६ मध्ये सुरू झालेल्या बुसानने आशियातील नव्या दिग्दर्शकांना व्यासपीठ देण्याची भूमिका घेतली. २०१९ मध्ये प्रदीप कुर्बाह यांच्या 'इवदुह' या खासी भाषेतील चित्रपटाला तेथे किम जिसोक पुरस्कार मिळाला. २०२५ पासून बुसानने आशियाई चित्रपटांची मुख्य स्पर्धाही सुरू केली आहे.

निवड कशी होते?

निवडीचे काम महोत्सवाचा कलात्मक संचालक आणि प्रोग्रॅमर म्हणून ओळखले जाणारे निवडकर्ते करतात. परीक्षक मंडळाचा त्यात सहभाग नसतो. निवड झालेल्या चित्रपटांमधून पुरस्कार ठरवणे एवढेच त्याचे काम. व्हेनिसच्या चित्रपट विभागाची धुरा दीर्घकाळ अल्बर्टो बारबेरा यांच्याकडे राहिली आहे. अंतिम यादीवर संचालकाच्या अभिरुचीची छाप असते, ती यामुळेच.

चित्रपट निवडकर्त्यांपर्यंत दोन वाटांनी पोहोचतो. पहिली वाट खुल्या प्रवेशिकेची. निर्माता शुल्क भरून इंग्रजी उपशीर्षकांसह चित्रपट ऑनलाइन पाठवतो. प्राथमिक चाळणी करणारे सहायक तो पाहतात आणि त्यांच्या शिफारशीनंतर तो वरिष्ठ निवडकर्त्यांपुढे जातो. दुसरी वाट ओळखीच्या व्यावसायिक साखळीची. आंतरराष्ट्रीय हक्कांची विक्री करणारे सेल्स एजंट, सहनिर्माते, चित्रपट निधी आणि कार्यशाळा यांच्याद्वारे निवडकर्त्यांना चित्रपटाची माहिती तो पूर्ण होण्यापूर्वीच मिळालेली असते. प्रदेशनिहाय जबाबदारी असलेले निवडकर्ते वर्षभर प्रवास करून अपूर्ण चित्रपटही पाहतात. गोव्यात राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळातर्फे २००७ पासून भरणारा फिल्म बाजार हे भारतातील अशा भेटींचे मुख्य ठिकाण आहे.

दोन्ही वाटा कागदोपत्री समान असल्या तरी प्रत्यक्षात त्यांत अंतर आहे. खुल्या प्रवेशिकांच्या ढिगातून एखादा अनोळखी चित्रपट वर येणे अशक्य नसले तरी अवघड असते. म्हणूनच पहिल्यांदा चित्रपट करणाऱ्यांसाठी निधी आणि कार्यशाळा निर्णायक ठरतात. 'कोर्ट'ला नेदरलँड्समधील रॉटरडॅम महोत्सवाशी संलग्न ह्यूबर्ट बाल्स निधीचे साह्य मिळाले होते. शुभाशीष भुतियानी यांचा 'मुक्ती भवन' हा चित्रपट बिएनाले कॉलेज या व्हेनिसच्याच उपक्रमातून आकाराला आला आणि २०१६ मध्ये तेथे दाखवला गेला.

निवड करताना केवळ गुणवत्तेचा विचार होत नाही. विषयांची पुनरावृत्ती टाळणे, देश व भाषांमधील समतोल, नामवंत दिग्दर्शक आणि नवोदित यांचे प्रमाण, तारांकित कलाकारांची उपस्थिती, प्रायोजकांची अपेक्षा आणि प्रीमियरचा दर्जा या सर्वांचा त्यात वाटा असतो. नाकारला गेलेला प्रत्येक चित्रपट कमी दर्जाचा असतो, असा निष्कर्ष त्यामुळे काढता येत नाही.

प्रीमियरची चढाओढ

प्रीमियर हा महोत्सवांमधील स्पर्धेचा कळीचा मुद्दा आहे. चित्रपट जगात प्रथमच दाखवला जात असेल तर तो जागतिक प्रीमियर, मूळ देशाबाहेर प्रथमच असेल तर आंतरराष्ट्रीय प्रीमियर. त्याखालोखाल खंडापुरता आणि देशापुरता प्रीमियर अशी उतरंड आहे. जागतिक प्रीमियर एकदाच होतो. एखाद्या छोट्या महोत्सवात चित्रपट आधी दाखवला गेला, तर मोठ्या महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेचे दार बंद होऊ शकते. लहान निर्मात्यासाठी हा निर्णय जोखमीचा असतो. हातातील निमंत्रण स्वीकारायचे की मोठ्या निमंत्रणाची वाट पाहत थांबायचे, हे त्याला बहुधा काही दिवसांतच ठरवावे लागते.

मोठे महोत्सवही या चढाओढीपासून अलिप्त नाहीत. टेल्युराइडमध्ये आधीच दाखवले गेलेले चित्रपट पहिल्या चार दिवसांत दाखवणार नाही, असा नियम टोरंटोने २०१४ मध्ये केला होता. पुढच्याच वर्षी तो शिथिल करावा लागला. २०२० मध्ये कोरोना साथीच्या काळात मात्र व्हेनिस, टेल्युराइड, टोरंटो आणि न्यूयॉर्क यांनी स्पर्धा बाजूला ठेवून सहकार्याची भूमिका घेतली. टेल्युराइड रद्द झाला. 'नोमॅडलँड' व्हेनिस आणि टोरंटो येथे एकाच दिवशी दाखवला गेला.

स्ट्रीमिंग कंपन्यांच्या आगमनाने या गणितात नवी भर घातली. फ्रान्समधील चित्रपटगृहांत प्रदर्शित होणारे चित्रपटच स्पर्धेत घेण्याचा नियम कानने लागू केल्यानंतर २०१८ मध्ये नेटफ्लिक्सने तेथून माघार घेतली. अल्फोन्सो क्वारोन यांचा 'रोमा' मग व्हेनिसला गेला आणि त्याने गोल्डन लायन पटकावला. शरद हंगामाकडे मोठ्या चित्रपटांचा ओघ वाढण्यामागे हेही एक कारण आहे.

भारतीय आणि मराठी चित्रपटांची वाटचाल

या महोत्सवांशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल दिग्दर्शित 'संत तुकाराम' हा १९३६ चा चित्रपट १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात दाखवला गेला आणि तेथे त्याचा गौरव झाला. आंतरराष्ट्रीय महोत्सवात सन्मान मिळवणाऱ्या आरंभीच्या भारतीय चित्रपटांत त्याची गणना होते. देहूच्या संताची कथा मराठीतूनच सांगणारा चित्रपट त्या काळी युरोपातील परीक्षकांपर्यंत पोहोचला, ही बाब आजही उल्लेखनीय आहे.

१९५७ मध्ये सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'ला गोल्डन लायन मिळाला. त्यानंतर हा पुरस्कार दुसऱ्यांदा भारतीय दिग्दर्शकाकडे येण्यास ४४ वर्षे लागली. २००१ मध्ये मीरा नायर यांच्या 'मान्सून वेडिंग'ने तो मिळवला.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ने २०१४ मध्ये व्हेनिसच्या ओरिझोन्ती विभागात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि पदार्पणातील सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीचा लुइजी दे लॉरेंतिस पुरस्कार असे दोन सन्मान मिळवले. लोकशाहिरावरील खटल्याच्या निमित्ताने मुंबईतील कनिष्ठ न्यायालयाचे दैनंदिन कामकाज दाखवणारा हा चित्रपट मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी अशा चारही भाषा वापरतो. त्याला पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका ठरला.

ताम्हाणे यांचा दुसरा चित्रपट 'द डिसायपल' २०२० मध्ये व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत दाखल झाला. 'मान्सून वेडिंग'नंतर मुख्य स्पर्धेत स्थान मिळवणारा तो पहिला भारतीय चित्रपट. हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताच्या साधकाचे आयुष्य मांडणाऱ्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट पटकथेचा आणि आंतरराष्ट्रीय समीक्षक संघटनेचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी तो टोरंटो आणि न्यूयॉर्क येथेही दाखवला गेला.

टोरंटोच्या यादीतही मराठी आणि कोकणी चित्रपटांची नोंद आहे. महाबळेश्वर सैल यांच्या कादंबरीवर आधारित, लक्ष्मीकांत शेटगावकर दिग्दर्शित 'पलतडचो मुनिस' या कोकणी चित्रपटाला २००९ मध्ये डिस्कव्हरी विभागात समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. २०१२ मध्ये टोरंटोने 'सिटी टू सिटी' या विभागासाठी मुंबईची निवड केली होती. २०२३ मध्ये विदर्भातील गावातल्या मुली बघण्याच्या प्रथेवर बेतलेल्या 'स्थळ'ला आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी तरसेम सिंग यांच्या 'डिअर जस्सी'ने प्लॅटफॉर्म पुरस्कार जिंकला. किरण राव यांच्या 'लापता लेडीज'चा प्रीमियरही तेव्हाच टोरंटोत झाला होता.

पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' हा चित्रपट २०२४ मध्ये कान येथे ग्रां प्री जिंकल्यानंतर टोरंटो व न्यूयॉर्कच्या यादीत होता. मुंबईतील मल्याळी परिचारिकांची कथा सांगणारा हा चित्रपट उत्तरार्धात रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पोहोचतो. २०२५ मध्ये अनुपर्णा रॉय यांना 'साँग्ज ऑफ फरगॉटन ट्रीज'साठी ओरिझोन्ती विभागात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. त्याच महोत्सवात बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' पुनरुज्जीवित स्वरूपात अभिजात विभागात दाखवला गेला, तर टोरंटोत 'शोले'ची पुनरुज्जीवित प्रत पन्नाशीनिमित्त सादर झाली.

निवडीनंतर काय?

निवड हा चित्रपटाच्या प्रवासाचा शेवट नसतो. कित्येकदा खरी अडचण त्यानंतर सुरू होते. महोत्सवातील प्रदर्शनासाठी विहित तांत्रिक दर्जाची डिजिटल प्रत, अचूक उपशीर्षके, प्रसिद्धी आणि प्रवास यांचा खर्च असतो. निमंत्रित चित्रपटाच्या काही पाहुण्यांची सोय महोत्सव करतात. उर्वरित भार निर्मात्यावर पडतो. त्या आठवड्यात चित्रपटाला परदेशी वितरक मिळाला नाही, तर पुढे संधी झपाट्याने कमी होत जातात.

मायदेशातील प्रदर्शन हा आणखी कठीण टप्पा आहे. 'कोर्ट'ला व्हेनिसनंतर भारतीय चित्रपटगृहांत येण्यास सुमारे सात महिने लागले. 'द डिसायपल' थेट नेटफ्लिक्सवर आला. 'स्थळ'चा टोरंटोतील प्रीमियर सप्टेंबर २०२३ मध्ये झाला; महाराष्ट्रातील प्रेक्षकांना तो पाहण्यासाठी मार्च २०२५ उजाडावा लागला. ज्या गावांची गोष्ट चित्रपट सांगतो, तेथील प्रेक्षकांपर्यंत तो कॅनडातील प्रेक्षकांनंतर दीड वर्षाने पोहोचावा, हे वितरणव्यवस्थेतील उणिवेचे द्योतक आहे. महोत्सवाचा मान मिळाला की पडदे मिळतात, असे समीकरण मराठीत अद्याप जुळलेले नाही.

शरद हंगाम हीच एकमेव वाट आहे, असेही नाही. रोहन परशुराम कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ने जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळवला आणि सप्टेंबरमध्ये तो भारतात प्रदर्शित झाला. वर्षाच्या आरंभी झालेल्या प्रीमियरमुळे वितरणाची तयारी करण्यास पुरेसा अवधी मिळू शकतो, हे या उदाहरणातून दिसते.

निवडीवरील वाद आणि दबाव

निवड हा अधिकार असल्याने त्यावर प्रश्नही उपस्थित होतात. २०१७ आणि २०१८ या लागोपाठ दोन वर्षी व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेतील २१ चित्रपटांपैकी प्रत्येकी एकाच चित्रपटाचे दिग्दर्शन महिलेचे होते. जोरदार टीकेनंतर व्हेनिसने लिंगसमानतेच्या जाहीरनाम्यावर स्वाक्षरी केली. त्यानंतर २०२०, २०२१ आणि २०२२ या तिन्ही वर्षी गोल्डन लायन महिला दिग्दर्शकांकडे गेला.

राजकीय दबावाचे ठळक उदाहरण बुसानचे आहे. सेवोल जहाज दुर्घटनेवरील माहितीपट दाखवू नये, अशी मागणी २०१४ मध्ये शहराच्या महापौरांनी केली. महोत्सवाने तो दाखवला. त्यानंतर निधीकपात आणि संचालकांवर खटला असे प्रसंग ओढवले आणि कोरियातील चित्रपटकर्मींच्या संघटनांनी महोत्सवावर बहिष्काराचे हत्यार उपसले. २०२५ मध्ये टोरंटोने ७ ऑक्टोबरच्या हमास हल्ल्याशी संबंधित एक माहितीपट प्रथम यादीतून काढला आणि वादानंतर पुन्हा समाविष्ट केला. प्रेक्षकांच्या मतदानात माहितीपटांचा पुरस्कार त्यालाच मिळाला.

भारतातही असा प्रसंग घडला आहे. २०१७ मध्ये गोव्यातील भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी परीक्षक मंडळाने निवडलेले 'एस. दुर्गा' हा मल्याळम आणि रवी जाधव दिग्दर्शित 'न्यूड' हा मराठी चित्रपट केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने इंडियन पॅनोरमाच्या यादीतून वगळले. परीक्षक मंडळाचे प्रमुख सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. निवडकर्त्यांचा निर्णय अंतिम असावा की निधी देणाऱ्या यंत्रणेचा, हा प्रश्न व्हेनिसच्या १९३८ च्या वादापासून आजवर कायम आहे.

निवडीची बातमी कशी वाचावी?

'आंतरराष्ट्रीय महोत्सवात निवड' अशी बातमी वाचताना चार गोष्टी तपासल्या तर तिचे नेमके वजन कळते. पहिली, महोत्सव कोणता. निर्मात्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, म्हणजे फिआफची, स्पर्धात्मक महोत्सवांसाठीची मान्यता जगातील मोजक्याच महोत्सवांना आहे. गोव्याचा महोत्सव त्यांपैकी एक असून व्हेनिस, सान सेबास्टियन आणि टोकियो यांचाही त्यात समावेश होतो. मात्र स्पर्धाविरहित न्यूयॉर्क किंवा टेल्युराइडचे महत्त्व त्या मान्यतेवर अवलंबून नाही.

दुसरी, विभाग कोणता. मुख्य स्पर्धा, अन्य स्पर्धा विभाग, स्पर्धेबाहेरील प्रदर्शन आणि समांतर विभाग यांत फरक आहे. तिसरी, ते प्रदर्शन महोत्सवाचे आहे की बाजारपेठेचे. महोत्सवालगतच्या चित्रपट बाजारात शुल्क भरून चित्रपट खरेदीदारांना दाखवता येतो. महाराष्ट्र शासनातर्फे कानच्या चित्रपट बाजारात मराठी चित्रपट पाठवले जातात, तो उपक्रम या प्रकारचा आहे. विक्रीच्या दृष्टीने तो उपयुक्त असला तरी महोत्सवाची अधिकृत निवड आणि बाजारातील खेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौथी, प्रीमियर जागतिक आहे की प्रादेशिक. त्यावरून महोत्सवाने चित्रपटाला दिलेले स्थान समजते.

ऑस्करसंबंधीचा गैरसमजही येथेच दूर करणे उचित. महोत्सवातील यशामुळे चित्रपट आपोआप भारताची प्रवेशिका ठरत नाही. आंतरराष्ट्रीय चित्रपट विभागासाठी प्रत्येक देश एकच चित्रपट पाठवतो आणि भारतातर्फे ती निवड फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाची समिती करते. २०२४ मध्ये कानमध्ये गौरवलेल्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'ऐवजी समितीने 'लापता लेडीज'ची निवड केली, तेव्हा देशभर झालेली चर्चा याच दोन प्रक्रियांमधील अंतरातून उद्भवली होती.

व्हेनिसची यादी साधारणपणे जुलैच्या उत्तरार्धात जाहीर होते. टोरंटो जुलै-ऑगस्टमध्ये टप्प्याटप्प्याने, न्यूयॉर्क ऑगस्टमध्ये आणि टेल्युराइड महोत्सवाच्या पूर्वसंध्येला आपले चित्रपट घोषित करतो. या याद्यांमध्ये मराठी नाव आले, तर तो आनंदाचा प्रसंग निश्चितच असेल. मात्र चित्रपट परत येऊन नागपूर, कोल्हापूर किंवा बडोद्याच्या पडद्यावर केव्हा झळकतो, याची नोंदही तितक्याच आस्थेने ठेवली जाणे आवश्यक आहे.